विश्लेषण : बँकेचा पत्ता बदलला आणि पासवर्ड मॅनेजर अडला, चूक कोणाची?

नेटबँकिंगचं पान उघडलं, युजर आयडीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि रोज आपणहून पुढे येणारा पासवर्ड आलाच नाही. पान तेच, बोधचिन्ह तेच, रंगसुद्धा तेच. मोबाइल मात्र ढिम्म.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशावरून देशातल्या बँका ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या पत्त्यावर जायला लागल्या, तेव्हा पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यांना हा अनुभव येणं अटळ होतं. अशा वेळी माणूस काय करतो हे सांगायला तज्ज्ञ नको. मॅनेजर उघडायचा, जुन्या नोंदीतला पासवर्ड कॉपी करायचा, नव्या पानावर पेस्ट करायचा. पेस्ट होत नसेल तर एकेक अक्षर बघून टाइप करायचं. काम झालं.

या दोन मिनिटांच्या खटपटीत एक गोष्ट नकळत घडते. मॅनेजरने पासवर्ड न भरणं ही खरं तर धोक्याची घंटा असते, आणि ती आपल्या हाताने बंद करायची सवय लागते. सायबर भामट्यांना नेमकी हीच सवय हवी असते.

नेमकं काय बदललं?

७ फेब्रुवारी २०२५ रोजी पतधोरण जाहीर करताना गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी बँकांसाठी स्वतंत्र ‘डॉट बँक डॉट इन’ डोमेनची घोषणा केली. २२ एप्रिलला परिपत्रक निघालं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर पूर्ण करायला सांगण्यात आलं. हे पत्ते देण्याचं काम हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या संस्थेकडे आहे. आदेश फक्त मोठ्या व्यापारी बँकांपुरता नाही. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यात आल्या. देशातल्या सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे या बदलाचा पसारा आपल्याकडे मोठा आहे.

हेतू सरळ आहे. डॉट कॉम, डॉट ऑनलाइन किंवा साधा डॉट इन पत्ता कुणीही काही शे रुपयांत विकत घेऊ शकतो. त्यात बँकेच्या नावासारखं नाव टाकलं, बँकेचं पान जसंच्या तसं उतरवलं की बनावट साइट तयार. ‘डॉट बँक डॉट इन’ मात्र बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. ग्राहकाने पत्त्याचं शेपूट बघायचं, एवढंच.

पण ‘एवढंच’ म्हणणं सोपं आहे. ‘अमुक डॉट बँक डॉट इन डॉट तमुक डॉट कॉम’ असा पत्ता समोर आला तर? मोबाइलच्या अरुंद पट्टीत पत्त्याचा एक तुकडाच दिसतो. त्यात ‘बँक डॉट इन’ ही अक्षरं दिसली की डोळा समाधान मानतो. खरा मालक शेवटच्या ‘तमुक डॉट कॉम’वाला आहे, हे त्याला कळत नाही. घाईत तर नाहीच.

यंत्राला कळतं.

मॅनेजर खरा पत्ता कसा ओळखतो?

पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्ड जपणारी तिजोरी. गुगल क्रोममध्ये आणि अँड्रॉइडमध्ये ती आधीपासून असते, ॲपलच्या फोनमध्ये ‘पासवर्ड्स’ नावाने असते, आणि बिटवॉर्डन, वनपासवर्ड यांसारखी स्वतंत्र ॲपही आहेत. बहुतेक जण तिच्याकडे ‘लक्षात ठेवायची कटकट नको’ म्हणून बघतात. तिचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे, पण तो फारसा सांगितला जात नाही.

तिजोरीत प्रत्येक पासवर्डसोबत तो कोणत्या पत्त्यावर जतन केला होता याची नोंद असते. पान कसं दिसतं याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. पत्ता जुळला तर ती पासवर्ड पुढे करते, एका अक्षराचा फरक असला तरी गप्प बसते. माणसाला फसवणारं हुबेहूब पान तिला फसवू शकत नाही, कारण ती पानाकडे बघतच नाही.

पत्त्यातला कोणता भाग महत्त्वाचा, हेही तिला ठाऊक असावं लागतं. ‘डॉट को डॉट इन’ हे शेपूट हजारो कंपन्या वापरतात, म्हणून त्या सगळ्या एकच मानून चालत नाही. त्यासाठी मोझिला ही संस्था अशा सामायिक शेपटांची एक जाहीर यादी सांभाळते आणि ब्राउझर व मॅनेजर ती वापरतात. दिसायला कंटाळवाणी यादी, पण एका कंपनीचा पासवर्ड दुसरीच्या पानावर पुढे केला जाऊ नये यासाठी ती लागते.

यावर कुणी म्हणेल, ओटीपी आहे की! ओटीपीने बरंच काही थांबतं, पण बनावट पान थांबत नाही. भामट्याच्या पानावर ग्राहकाने युजर आयडी, पासवर्ड टाकला की ते पान त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या साइटवर तो टाकतं. खरी बँक खरा ओटीपी पाठवते. ग्राहक तो बनावट पानावर टाकतो, भामटा तो पुढे सरकवतो. ओटीपीला पत्त्याची ओळख नाही. म्हणून तर ॲपल आणि गुगलने २०२० मध्ये एसएमएसच्या शेवटच्या ओळीत साइटचा पत्ता आणि कोड एका ठरावीक पद्धतीने लिहिण्याची सूचना मांडली. त्या पद्धतीने मेसेज आला तर फोन तो कोड त्याच पत्त्यावर सुचवतो, दुसरीकडे नाही. आपल्याकडे येणाऱ्या ओटीपीच्या मेसेजमध्ये ‘कुणालाही सांगू नका’ ही ओळ हमखास असते, ही दुसरी ओळ सहसा नसते.

आता पुन्हा बँकांच्या स्थलांतराकडे. मॅनेजरच्या नजरेतून बघितलं तर बँकेचा नवा पत्ता आणि भामट्याचा पत्ता यात काहीच फरक नाही. दोन्ही अनोळखी. त्यामुळे तो अडला, ते बरोबरच केलं. प्रश्न असा की बँकेने त्याची ओळख करून द्यायची व्यवस्था केली होती का?

लॉगिनची पानं मॅनेजरशी का भांडतात?

पत्त्याचा मुद्दा नवा आहे. त्याआधीपासून अनेक साइट मॅनेजरला दारातच अडवत आल्या आहेत, आणि तेही सुरक्षेच्या नावाखाली.

सगळ्यात परिचित प्रकार म्हणजे पेस्ट करायला बंदी. याचा एक गाजलेला किस्सा ब्रिटनचा आहे. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश गॅस’ या कंपनीला एका ग्राहकाने ट्विटरवर विचारलं की पासवर्ड पेस्ट का करता येत नाही. पेस्ट करू दिलं तर आमचं सुरक्षा प्रमाणपत्र जाईल, अशा आशयाचं उत्तर कंपनीकडून आलं. असं कोणतंही प्रमाणपत्र नसतं. सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी या उत्तराची भरपूर टर उडवली.

२०१७ मध्ये ब्रिटनच्याच राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने या प्रथेवर लेख लिहिला. लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या, हे त्याचं शीर्षकच. ही बंदी आली कुठून, याचा शोध घेतला तर कोणताही नियम, मानक किंवा संशोधन तिच्यामागे सापडत नाही, असं केंद्राने म्हटलं. म्हणजे एकाने केलं म्हणून दुसऱ्याने केलं, असा मामला.

पेस्टबंदीचा परिणाम काय होतो? वीस अक्षरांचा वेडावाकडा पासवर्ड हाताने टाइप करणं कुणालाही नको असतं. मग माणूस टाइप करायला सोपा पासवर्ड ठेवतो. मुलाचं नाव, जन्मवर्ष, ॲट द रेट. आणि तोच पाच ठिकाणी वापरतो. त्यातलं एखादं ठिकाण फुटलं की बाकीच्या चार ठिकाणी भामटे तोच पासवर्ड लावून बघतात. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी जनुकीय चाचणी कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोर असेच शिरले. दुसरीकडे फुटलेले पासवर्ड इथे चालले. त्या खात्यांशी जोडलेल्या नातेवाइकांची माहिती धरून ६९ लाख लोकांचा तपशील बाहेर गेला.

पडद्यावरचा कीबोर्ड ही आपल्याकडची खास ओळखीची गोष्ट. माउसने एकेक अक्षर टिपायचं, आणि काही ठिकाणी अक्षरांच्या जागाही दर वेळी बदललेल्या. याला एकेकाळी कारण होतं. नेटबँकिंग सुरू झालं तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. सायबर कॅफेतल्या संगणकावर कीबोर्डचं प्रत्येक बटण नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर कुणी टाकलेलं असू शकत होतं. तेव्हा ही युक्ती शहाणपणाची होती. पुढे पडद्याची चित्रं टिपणारे व्हायरस आले, लोक स्वतःच्या फोनवर बँकिंग करू लागले, कॅफे बंद पडले. पडद्यावरचा कीबोर्ड मात्र काही साइटवर राहिला. तो ऐच्छिक असेल तर हरकत नाही, पण तोच एक रस्ता ठेवला तर मॅनेजर बाहेर आणि मागे उभा राहून बघणारा आत, अशी अवस्था होते.

काही अडथळे जाणूनबुजून घातलेले नसतात, ते बांधकामाच्या पद्धतीतून येतात. एक प्रकार खास सांगण्यासारखा आहे. काही साइट पासवर्ड सर्व्हरकडे पाठवण्याआधी पानावरच त्याचं लांबलचक सांकेतिक ओळीत रूपांतर करतात आणि ती ओळ पासवर्डच्याच रकान्यात ठेवून पुढे पाठवतात. मॅनेजर त्या क्षणी रकान्यात जे दिसतं ते जतन करतो, म्हणजे ती सांकेतिक ओळ. पुढच्या वेळी तो इमानाने तीच भरतो. पान तिचं पुन्हा रूपांतर करतं. उत्तर येतं, ‘पासवर्ड चुकीचा आहे’. असं तीनदा झालं की खातं लॉक, आणि दोष जातो मॅनेजरच्या माथी.

दुसरा प्रकार कॅप्चाचा. रकान्यांवर नीट खुणा नसतील तर मॅनेजर अंदाज बांधतो की पासवर्डच्या लगेच आधीचा रकाना युजरनेमचा असणार. तिथे कॅप्चाचा रकाना असला तर ‘एक्स ७ के पी’ हेच तुमचं नाव म्हणून जतन होतं. मग सहा महिन्यांनी तिजोरी उघडली की एकाच साइटच्या दहा नोंदी दिसतात, दहाही निरर्थक नावांच्या.

या भांडणात ब्राउझर कंपन्यांनी फार पूर्वीच बाजू घेतली. ‘हा रकाना आपोआप भरू नका’ असं ब्राउझरला सांगणारी एक खूण वेबपानात असते, आणि बँका ती सर्रास पासवर्डच्या रकान्याला लावत. २०१३ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ११ने आणि २०१४ मध्ये क्रोमने पासवर्डच्या बाबतीत ही खूण मानणंच सोडून दिलं. मॅनेजर वापरणारा माणूस न वापरणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो, म्हणून निर्णय साइटचा नव्हे, वापरणाऱ्याचा, असा त्यामागचा विचार. साइटवाल्यांनी मग आणखी चमत्कारिक युक्त्या शोधल्या. पान उघडताना रकाना कुलूपबंद ठेवायचा, किंवा साधा मजकुराचा रकाना घेऊन त्यात ठिपके दिसतील असा फॉन्ट वापरायचा. मांजर-उंदराच्या या खेळात कोडचं आणि ग्राहकाचं दोघांचंही वाटोळं झालं.

नियम काय सांगतात?

जगभरातल्या कंपन्या पासवर्डच्या बाबतीत ज्या दस्तऐवजाकडे बघतात तो अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेचा आहे. ‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी नवा पासवर्ड’ हा जो जाच सगळ्यांनी सोसला, त्याची मुळंही याच संस्थेच्या जुन्या मार्गदर्शिकेत आहेत. २००३ मध्ये ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच सल्ल्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

त्याच वर्षी संस्थेने नवी मार्गदर्शिका काढली. चिन्हांची सक्ती नको, ठरावीक काळाने बदल नको आणि पेस्ट करू द्यावं, असं त्यात होतं. पण भाषा ‘करावं’ अशी सल्ल्याची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत शब्द बदलला. पासवर्ड मॅनेजर आणि ऑटोफिल चालू देणं आता बंधनकारक म्हटलं आहे. चिन्हांची सक्ती करायला मनाई आहे. पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो मुदतीने बदलायला लावायलाही मनाई आहे. फक्त पासवर्डवरच भिस्त असेल तर तो किमान १५ अक्षरी हवा. १५ अक्षरी, वेगवेगळे आणि पाठ, या तिन्ही गोष्टी एकत्र जमणारा माणूस विरळाच. म्हणजे मॅनेजर असणारच असं गृहीत धरून हा नियम लिहिला गेला आहे.

हा अमेरिकी सरकारी यंत्रणांसाठीचा दस्तऐवज आहे, भारतीय बँकांना तो लागू नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या ओळखपडताळणीबद्दल निर्देश काढले आणि अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. पण त्यांचा रोख व्यवहारासाठी दोन स्वतंत्र पुरावे मागण्यावर आहे, लॉगिनचं पान कसं बांधावं यावर नाही.

दुसरी बाजू अपंगांच्या हक्काची आहे आणि ती या चर्चेत अनेकदा सुटते. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ऑक्टोबर २०२३ मध्ये एक नवी कसोटी आली. लॉगिनसाठी माणसाला काही पाठ करायला, कोडं सोडवायला किंवा अक्षरं नकलायला लावत असाल तर त्याला पर्याय द्या. मॅनेजरला रकाना भरू देणं आणि पेस्ट करू देणं हे असे पर्याय म्हणून तिथे स्पष्टपणे सांगितले आहेत. पडद्यावरचा सतत बदलणारा कीबोर्ड दृष्टिहीन व्यक्तीसाठी काय असतो, याची कल्पना करून बघावी. भारतात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आणि ई-केवायसी सुलभ करण्यासाठी २० निर्देश दिले. तो निकाल केवायसीबद्दल होता, लॉगिनबद्दल नव्हे. तर्क मात्र लॉगिनच्या पानालाही तितकाच लागू पडतो.

मग पान कसं असायला हवं?

गंमत म्हणजे यातलं बहुतेक काम फुकटचं आहे. वेबपानाच्या भाषेत प्रत्येक रकान्याला तो कशाचा आहे हे सांगणारी खूण देता येते. एक खूण युजरनेमसाठी, एक सध्याच्या पासवर्डसाठी, एक नव्या पासवर्डसाठी, एक ओटीपीसाठी. ‘सध्याचा पासवर्ड’ अशी खूण दिसली की मॅनेजर जतन केलेला पुढे करतो. ‘नवा’ अशी दिसली की मजबूत पासवर्ड तयार करून देतो. चार शब्दांचं काम आहे. ते नसेल तर मॅनेजर अंदाजावर चालतो, आणि अंदाज कधी कधी कॅप्चात जाऊन पडतो.

आधी युजर आयडी आणि मग पुढच्या पानावर पासवर्ड, अशी दोन टप्प्यांची लॉगिन आता सर्रास दिसते. त्यात वाईट काही नाही. फक्त दुसऱ्या पानावरही युजरनेमचा रकाना, भले नजरेआड, ठेवावा लागतो. नाही तर हा पासवर्ड कोणाचा, हे मॅनेजरला कळत नाही आणि घरात दोघांची खाती एकाच बँकेत असली की नवऱ्याच्या नावावर बायकोचा पासवर्ड भरला जातो.

पासवर्डच्या लांबीचा घोळ वेगळाच. नोंदणीच्या पानावर रकाना १६ अक्षरांनंतर मुकाट्याने थांबतो, मॅनेजरने तयार केलेली वीस अक्षरं त्यात कापली जातात आणि कुणी काही सांगत नाही. लॉगिनच्या पानावर ती मर्यादा नसते. तिथे वीसच्या वीस अक्षरं जातात आणि पासवर्ड चुकतो. कोणत्या साइटला किती अक्षरं आणि कोणती चिन्हं चालतात याची यादी अखेर ॲपलने २०२० मध्ये जाहीर करून सगळ्यांसाठी खुली केली, म्हणजे प्रत्येक मॅनेजरला हे पुन्हा शोधत बसायला नको. साइटने स्वतः सांगायची गोष्ट बाहेरच्यांनी यादी करून सांभाळायची वेळ आली, यातच सगळं आलं.

पत्ता बदलताना बँकेने काय करायचं असतं?

स्थलांतराच्या धांदलीत मागे पडण्याची शक्यता सर्वात जास्त ती याच कामाची.

गुगलच्या मॅनेजरला दोन पत्ते एकाच मालकाचे आहेत हे सांगायची सोय आहे. दोन्ही साइटवर ठरलेल्या जागी एक छोटी फाइल ठेवायची, आणि प्रत्येक फाइलमध्ये दुसऱ्या पत्त्याचा उल्लेख करायचा. दोन्हीकडून हात वर झाले तरच नातं मानलं जातं, त्यामुळे भामट्याला एकतर्फी नातं जोडता येत नाही. बँकेचं अँड्रॉइड ॲप आणि साइट जोडायलाही हीच फाइल लागते. ॲपलकडे साइटशी ॲप जोडण्याची वेगळी फाइल आहे. शिवाय वर उल्लेख केलेल्या खुल्या भांडारात ‘हा पत्ता जुना, हा नवा’ अशी नोंद करण्याचीही सोय आहे. ही तयारी आधी केली असेल तर ग्राहकाला काही जाणवतही नाही. नव्या पत्त्यावर जुना पासवर्ड सुचवला जातो.

मोठ्या बँकेकडे यासाठी माणसं असतात. तालुक्याच्या गावातल्या सहकारी बँकेचं तसं नाही. तिची नेटबँकिंगची यंत्रणा बहुधा बाहेरच्या कंपनीने पुरवलेली असते, आणि डोमेन बदलून देणं हे काम कंत्राटात बसतं, या फायली ठेवणं बसेलच असं नाही. परिपत्रकाच्या मुदतीत साइट नव्या पत्त्यावर उघडली की काम पूर्ण, असा हिशेब तिथे लावला गेला तर नवल नाही.

पासकी वापरणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा जास्त टोकदार आहे. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर चालणारी किल्ली. २०२२ मध्ये ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तिचा पुरस्कार केला. ती एका पत्त्याशी इतकी घट्ट बांधलेली असते की दुसऱ्या पत्त्यावर ती कॉपी-पेस्टसुद्धा करता येत नाही. फिशिंगवरचं सर्वात पक्कं औषध म्हणून तिचं कौतुक होतं ते याच कारणाने. पत्ता बदलला की मात्र जुनी किल्ली नव्या दाराला लागत नाही. यासाठीही दोन पत्त्यांचं नातं जाहीर करायची पद्धत आली आहे आणि क्रोम व सफारी २०२४ पासून ती मानतात. पण ती साइटने वापरावी लागते.

ग्राहकाने काय करावं?

मॅनेजर अडला तर आधी थांबावं. आपण या पानावर आलो कसे, हे आठवावं. एसएमएस, व्हॉट्सॲप किंवा जाहिरातीतल्या लिंकवरून आला असाल तर पान बंद करणं बरं. नवा पत्ता बँकेच्या शाखेतल्या फलकावरून किंवा बँकेच्या अधिकृत ॲपमधून घ्यावा आणि स्वतः टाइप करावा. पत्त्यातल्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी ‘डॉट बँक डॉट इन’ असलं पाहिजे, मध्येच कुठेतरी नव्हे. खात्री पटली की एकदाच हाताने लॉगिन करून नवी नोंद जतन करावी. बिटवॉर्डन, वनपासवर्डसारख्या मॅनेजरमध्ये जुन्या नोंदीतच दुसरा पत्ता जोडता येतो. त्यानंतरही मॅनेजर त्या बँकेच्या पानावर अडला तर मात्र तो गंभीर इशारा समजावा.

मॅनेजरही अभेद्य नाहीत. २०२२ मध्ये ‘लास्टपास’ या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. ज्यांनी तिजोरीचा मुख्य पासवर्ड कच्चा ठेवला होता त्यांचं कुलूपही तुटण्याजोगं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत अनेक मॅनेजरच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमधली त्रुटी दाखवण्यात आली. पानावर अदृश्य बटणं मांडून वापरकर्त्याच्या क्लिकने माहिती भरून घेता येत होती. आपल्याकडची अडचण याहून साधी आहे. घरातला एकच फोन चौघे वापरतात आणि त्याचं लॉक सगळ्यांना माहीत असतं. अशा फोनवर बँकेचा पासवर्ड जतन करणं म्हणजे तिजोरी उघडी ठेवणं. सायबर कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर तर ‘सेव्ह पासवर्ड’ला ‘नाही’च म्हणावं.

जुन्या पत्त्याचं काय होणार?

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. दर वर्षी किंवा काही वर्षांनी भाडं भरावं लागतं. नव्या पत्त्यावर गेलेल्या छोट्या संस्थेला जुन्याचं भाडं हा फुकटचा खर्च वाटू शकतो. तो भरला नाही की ठरावीक मुदतीनंतर तो पत्ता बाजारात खुला होतो आणि कुणीही घेऊ शकतो.

आता हाच प्रसंग उलट्या बाजूने बघायला हवा. हजारो ग्राहकांच्या फोनमध्ये त्या जुन्या पत्त्याच्या नावाने युजर आयडी आणि पासवर्ड जतन आहेत. उद्या तो पत्ता भामट्याने घेतला आणि तिथे बँकेचं पान उतरवलं, तर मॅनेजर अडणार नाही. पत्ता तंतोतंत जुळतो. बुकमार्कमधून, जुन्या पासबुकावर छापलेल्या पत्त्यावरून, सर्च करून ग्राहक तिथे पोहोचेल आणि मॅनेजर विश्वासाने दोन्ही रकाने भरून देईल. सुरक्षेसाठीची सगळी यंत्रणा तिथे चोराच्या बाजूने काम करेल.

यावर उपाय दोनच. बँकेने जुना पत्ता पुढची कित्येक वर्षं स्वतःकडे ठेवायचा आणि तिथून फक्त नव्या पत्त्याकडे पाठवायचं. ग्राहकाने नवी नोंद नीट चालू लागली की तिजोरीतली जुनी पुसून टाकायची, आणि नव्या पत्त्यावर पासवर्डही बदलून घ्यायचा.